दोन तिळांची राक्षसीण

आपण वर्षभरात काय शिकलो ते बघून बाबांचे डोळे पांढरे होतील, असं बबडी सगळ्यांना सांगत सुटली होती. ते झालेही तसेच, फक्त तिच्या मनातल्या कारणाने नाही.

बबडी गेममधली पात्रं आणि देखावे घडवायला शिकत होती. राहायला आत्याकडे, कारण बाबांचं चष्म्याचं दुकान दुसऱ्या गावात. दिवसभर गिऱ्हाइकांची नाकं मोजणाऱ्या बाबांना, राक्षस रंगवून कुणाचं पोट कसं भरतं हे काही केल्या पटत नव्हतं. पण आत्या त्यांची थोरली बहीण आणि त्यातून निवृत्त मुख्याध्यापिका. तिने बाबांना एक वर्ष गप्प बसवलं होतं. ठरलं असं, की वर्षअखेरच्या प्रदर्शनाला बाबांनी यायचं. पटलं तर दुसरं वर्ष, नाहीतर सोमवारपासून बबडीने दुकानात काचा पुसायच्या.

आता वर्षात झालं काय होतं? पहिले तीन आठवडे एक दगड. बाबा दर रविवारी फोनवर विचारायचे, "दगड झाला का?" मग एक बादली, मग एक गंजलेलं दार. सहाव्या महिन्यापर्यंत तर पोरीची नजरच बिघडली. बसमध्ये एका गृहस्थांच्या टकलावर उजेड कसा पडतो हे तिने इतकं एकटक पाहिलं, की ते बिचारे स्टॉप यायच्या आधीच उतरले.

शेवटी सरांनी मोठं काम दिलं. एक राक्षसीण घडवायची, आणि सुरकुत्या मात्र खऱ्या माणसाच्या हव्यात. घरात खरं माणूस एकच. आत्या रोज दुपारी जेवून वेताच्या खुर्चीत आडवी व्हायची आणि तोंड उघडं टाकून घोरायची. बबडीने मांजरीच्या पावलांनी खुर्चीभोवती फिरून बेचाळीस फोटो काढले. त्यावरून संगणकाने आख्खी आत्या उभी केली, खुर्चीसकट. खुर्ची तरी वाया का घालवा, म्हणून बबडीने तिचंच राक्षसिणीचं सिंहासन केलं. चेहरा मात्र ओबडधोबड आला होता. तो नीट करताना एकच बाजू घडवायची असते, दुसरी बाजू संगणक आरशासारखी आपोआप करतो. सर कानीकपाळी ओरडायचे, की शेवटी तो आरसा बंद करा आणि दोन बाजूंत थोडा फरक करा, दोन्ही बाजू सारख्या असलेलं माणूस जगात नसतं. बबडी दर वेळी मान डोलवायची आणि दर वेळी विसरायची.

प्रदर्शनाला तीन दिवस उरले आणि जेवताना आत्या म्हणाली, "गुडघ्याचं बघून घेईन, पण मी येणारच."

आत्या दुखऱ्या गुडघ्यामुळे येणार नाही, या भरवशावर तर बबडीचा सगळा डोलारा उभा होता! जिने आपली बाजू घेतली, वर्षभर आयतं जेवू घातलं, तिचीच राक्षसीण करून चारचौघांत मांडायची म्हणजे हद्दच झाली. शिवाय आत्या फिरली की बाबा फिरलेच, आणि मग आहेतच काचा.

आत्या ओळखू येऊ नये म्हणून तिने वर्गात राक्षसिणीला शिंगं लावली. शेजारच्या बाकावरचा मित्र, ज्याला सगळे चष्मिस म्हणत, तो बघून म्हणाला की आता आत्या जरा रागावलेली वाटते. कातडी हिरवी केली, तर आत्या आजारी वाटायला लागली. सुळे लावले, तर आत्याने नवी कवळी बसवल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी जीव खाऊन तिने नाक ओढून रुंद केलं आणि टोकाला खाली वाकवलं. आता कुठे चष्मिसला आत्या दिसेना. बबडी निश्चिंत होऊन घरी गेली.

प्रदर्शनात प्रत्येकाने पाच मिनिटं बोलायचं होतं. बबडी दगडापासून सुरुवात करून छान रंगात आली होती, तेवढ्यात मागच्या पडद्यावर राक्षसिणीने सिंहासनातून उठून आळस दिला.

बाबा ताडकन उभे राहिले. "ताई, ही तर तू आहेस!"

सगळा हॉल आत्याकडे वळला. बाबा तावातावाने म्हणाले की जिच्या घरी राहायचं तिचेच असे धिंडवडे काढायला ही शिकते का, बास झालं ते शिक्षण. बबडीला डोळ्यांसमोर काचाच काचा दिसू लागल्या.

आत्या सावकाश उठली. गुडघा धरत पडद्यापाशी गेली, चष्मा लावला आणि वर्गातली उत्तरपत्रिका तपासावी तशी राक्षसीण तपासली.

"मला तीळ एकच आहे, डाव्या गालावर," ती म्हणाली. "हिला दोन्ही गालांवर आहे. तेव्हा ही मी नव्हे. आणि नाक म्हणशील तर ते तुझं आहे. आयुष्यभर लोकांची नाकं मोजलीस, स्वतःचं तेवढं ओळखता आलं नाही."

बाबांचा हात नकळत नाकाकडे गेला. हॉलमध्ये हास्याचा असा स्फोट झाला, की बाबांनाही हसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. वर आणखी एक मुलगा येऊन त्यांना म्हणाला, "काका, तुमचं नाक फार भारी आलंय." मग मात्र बाबा खुलले. जाताना त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या अर्जावर सही केली. सरांनी तेवढ्यात दोन्ही गालांकडे बोट दाखवून आरसा चालूच ठेवल्याबद्दल पाच गुण कापले. त्याच विसराळूपणाने आपल्याला वाचवलं, हे बबडी त्यांना सांगणार तरी कसं?

दुसऱ्या दिवशी दुपारी बबडी पाणी प्यायला बाहेर आली. आत्या वेताच्या खुर्चीत झोपलेली. पण केस चापूनचोपून विंचरलेले, तोंडाला पावडर, ओठ घट्ट मिटलेले.

बबडीचं लक्ष खुर्चीच्या डाव्या हाताकडे गेलं. मोडलेला वेत आत्याने निळ्या सुतळीने बांधला होता, वर फुलासारखी गाठ मारून. राक्षसिणीच्या सिंहासनाला हीच सुतळी होती, गाठीसकट. तीन दिवस चेहरा बदलताना खुर्चीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बाबांनी मात्र नेमकी खुर्चीच ओळखली होती, आणि आत्यानेही.

आत्याने एक डोळा उघडला.

"फोटो काढायचे असतील तर लवकर काढ," ती ओठांच्या कोपऱ्यातून पुटपुटली. "तोंड मिटून मला फार वेळ झोपता येत नाही."