चोपन्नची फ्रेम

दुकानातल्या माणसाने "सर, उंची किती?" असं विचारलं आणि मी "पाच-सहा" म्हणालो. एवढंच झालं. बाकीचं सगळं त्याच्यानंतरचं आहे.

मी पाच-सहा नाही. आमच्या घरात पाच-सहा बायको आहे. ती त्या वेळी माझ्या शेजारीच उभी होती, आणि मी आकडा सांगताच तिला छताला टांगलेल्या सायकलींमध्ये एकाएकी फार रस वाटू लागला. पण माझ्या दुसऱ्या बाजूला साडू उभा होता, आणि साडू सहा फूट आहे. अशा माणसाला खेटून उभं असताना खरी उंची सांगायला जे धैर्य लागतं, ते माझ्याकडे असतं तर मी कारकून कशाला झालो असतो?

हा साडू, म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा, दर रविवारी अंगाला चिकटलेले कपडे घालून आमच्याकडे यायचा. रोडबाइक एका हाताने उचलून जिना चढायचा, आमच्या दिवाणखान्यात भिंतीला टेकवायचा, आणि पाणी पिता पिता माझ्या पोटाकडे बघून म्हणायचा, "काहीतरी सुरू करा आता." एका रविवारी मी चिडून म्हणालो, "करतोय. सायकलच घेतोय." मला वाटलं, विषय संपला. तो म्हणाला, "मग चला, आजच!"

तर पाच-सहा.

"पाच-सहाला चोपन्नची फ्रेम, म्हणजे चोपन्न सेंटिमीटरची," दुकानातला माणूस म्हणाला. मग त्याने मला बुटांपासून केसांपर्यंत पाहिलं. हा प्रवास त्याच्या अपेक्षेपेक्षा लवकर संपला असावा, कारण त्याने तो परत एकदा केला.

"सर, पाच-सहा नक्की?"

"मी जरा पोक काढून उभा राहतो."

"एकदा बसून बघता का? मापाला फार महत्त्व असतं. फ्रेम मोठी झाली की..."

"नको. मला सवय आहे." (कशाची, हे त्याने विचारलं नाही. सभ्य माणूस.)

"आणि मोठी वाटलीच, तर सीट खाली करता येते की!" साडू म्हणाला. हे वाक्य मी पुढे मानेवर गरम पिशवी ठेवून वारंवार आठवलेलं आहे.

रोडबाइकला सीट आणि हँडल यांच्यामध्ये एक आडवी दांडी असते. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून माणूस उभा राहिला, की दांडी आणि माणूस यांच्यात थोडी जागा उरली पाहिजे. माझ्या बाबतीत ती उरली नाही. उलट कमी पडली. कुठे कमी पडली, हे सभ्य वाचकांना फोड करून सांगायची गरज नाही. इमारतीच्या आवारात मी पहिल्यांदा सायकलवरून उतरलो तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या आणि मांजरीला हाका मारू लागल्या.

मग साडूच्या सल्ल्याप्रमाणे सीट खाली केली. पार तळाला नेली. पाय पेडलला पोचले. पण सीट खाली आली म्हणून हँडल काही जवळ येत नाही. ते जिथे होतं तिथेच राहिलं, म्हणजे साधारण शेजारच्या इमारतीसमोर. तिथवर पोचायला मला कपाटाखाली गेलेलं टोपण काढणाऱ्या माणसासारखं पालथं व्हावं लागे. आणि हँडल कसंबसं हाती आलं, की ब्रेक त्याच्याही पुढे.

"अहो, तुम्ही बसलाय की झोपलाय?" बायकोने विचारलं.

"याला रेसिंग पोझिशन म्हणतात."

"बरं. तुमचा चष्मा खाली पडलाय. पोझिशनमधून उठलात की घ्या."

चालवणं एक वेळ जमलं. थांबणं जमेना. थांबायचं तर पाय टेकायला हवा, आणि माझा पाय जमिनीपर्यंत जायचा तो सायकल आडवी झाल्यावरच. म्हणून मला फुटपाथ लागे, नाहीतर विजेचा खांब, नाहीतर भिंत. गावातली दुकानं लोक मालाप्रमाणे निवडतात. मी पायरीप्रमाणे निवडू लागलो. (औषधाच्या चांगल्या दुकानाला पायरी नाही. वाईट दुकानाला तीन आहेत. त्या महिन्यात मी बरीच जुनी औषधं खाल्ली.)

एकदा सिग्नल लाल झाला आणि जवळ फुटपाथ नव्हता. शेजारी स्कूटरवर एक जाडगेले गृहस्थ होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरा काही इलाजच नव्हता.

ते वळून हसले. "अरे वा! पण... ओळखलं नाही हो."

"मीही नाही."

"मग आपण भेटलो कुठे?"

"इथेच. आत्ता."

ते विचारात पडले. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, त्यांनी स्कूटर सोडली, आणि मी त्यांचा खांदा सोडायला विसरलो. पुढच्या चौकापर्यंत आम्ही बरोबर गेलो. त्यांच्या जावयाची नोकरी सुटल्याचं मला तिथवर समजलं होतं.

ऑफिसात वेगळीच तऱ्हा. मी वजनमापे खात्यात आहे. दुकानदारांची वजनं, लिटर, मीटरपट्ट्या बरोबर आहेत की नाहीत हे तपासून आम्ही शिक्का मारतो. हँडलला लोंबकळून माझ्या हातांच्या करंगळ्या बधिर झाल्या होत्या, मान उजवीकडे वळत नव्हती. उजवीकडे साहेबांची खुर्ची. सलग काही दिवस मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, तेव्हा त्यांनी मला बोलावून विचारलं, "माझं काही चुकलंय का?"

"नाही सर. मान."

"मान? मी देत नाही का तुम्हाला मान?"

हे सगळं बायको बघत होती. रोज संध्याकाळी ती माझ्या मानेला मलम चोळायची आणि हळूच म्हणायची, "बदलून आणू या का ती सायकल?"

"का? मापाचीच आहे."

"हो का," ती म्हणायची आणि जरा जास्तच जोरात चोळायची.

सायकल बदलायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण एकच होतं. ते सांगण्यापेक्षा मान कायमची डावीकडे ठेवून उरलेलं आयुष्य काढायची माझी तयारी झाली होती.

अशात साडूने त्याच्या ग्रुपबरोबर सहल ठरवली. पुरुष सायकलवर, बायका गाडीतून मागाहून, आणि गावाबाहेरच्या एका चहाच्या टपरीवर सगळ्यांनी भेटायचं. मी नाही म्हणणार होतो. पण साडू म्हणाला, "झेपेल ना तुम्हाला?" आणि मी "न झेपायला काय झालं?" असं म्हणून मोकळा झालो.

टपरी आली. सगळे पटापट थांबले, एक पाय टेकून, ऐटीत. मी आजूबाजूला पाहिलं. फुटपाथ नाही. विजेचा खांब नाही. भिंत नाही. मोकळं मैदान आणि मधोमध टपरी. आता काय करणार? मी टपरीला वळसा घातला.

"अहो, थांबा की! चहा घ्या," साडू म्हणाला.

"आलोच," असं म्हणत मी टपरीमागे गेलो.

पलीकडून उगवलो तेव्हा ग्रुपमधला एकजण म्हणाला, "दमला नाहीत?"

"अजून..." टपरीमागे "...नाही!"

"साखर किती?"

पुढच्या फेरीला: "एक!"

चौथ्या-पाचव्या फेरीला सगळे कौतुकाने बघू लागले. "काय स्टॅमिना आहे!" कोणीतरी म्हणालं. साडूचा चेहरा जरा उतरला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्या एका फेरीपुरता मी सुखी होतो, हे मी नाकारत नाही.

मग बायकांची गाडी आली. माझी बायको उतरली, तिने एका नजरेत सगळं ओळखलं, आणि ओढणी कमरेला खोचून ती माझ्यामागे धावू लागली. लहान मुलाला सायकल शिकवताना धावतात ना, तशी. सीट मागून धरून.

"धरलंय मी! उतरा आता!"

आणि मी, माझी मलाच शरम वाटावी असा माणूस, सगळ्यांदेखत ओरडलो, "सोड! माझं मला येतं!"

तिने सोडलं.

पुढे टपरीच्या छपराला आधार दिलेला बांबू होता. मी त्याला मिठी मारली. बांबूने मला आधार दिला नाही. मी त्याला घेऊन निघालो. मागून छप्पर आलं. छपराखाली ग्रुपच्या सायकली ओळीने उभ्या होत्या, त्या एकेक करत माझ्याशेजारी येऊन पडल्या. सगळ्यात शेवटी माझा चहा आला. एक साखर घातलेला.

घरी गुडघ्यावर बर्फ ठेवून मी पलंगावर पडलो होतो. बायकोने बर्फाचं फडकं बदललं. मग म्हणाली, "माझंच चुकलं. दुकानात पाच-सहा म्हणालात तेव्हाच बोलायला हवं होतं."

"का नाही बोललीस मग?"

"धाकटीच्या नवऱ्यासमोर? तुमचा चेहरा केवढासा झाला असता."

"तुला..." मी फडकं जरा सरकवलं. "तुला कधी वाटतं का गं माझ्या उंचीचं?"

"काय वाटायचं ते लग्नाआधीच वाटून घेतलं मी," ती म्हणाली. "त्यानंतर फक्त तुम्हालाच वाटतंय. मी अठरा वर्षं सपाट चपला घालते. एकदा तरी विचारलंत का, की का?"

मी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, तिला त्या आवडतात. मी भिंतीकडे तोंड केलं (डावीकडे, सुदैवाने). गुडघ्यापेक्षा हे जास्त दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वाकडी झालेली सायकल घेऊन दुकानात गेलो. दुकान भरलेलं होतं. बायकोने माझा हात धरला होता. मी काउंटरपाशी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मी खोटं बोललो होतो. माझी उंची पाच-सहा नाही."

"हो, ते कळलं होतं सर," तो माणूस म्हणाला.

"कळलं होतं?"

"दुकानात सगळ्यांनाच कळलं होतं. पण तुम्ही म्हणालात, सवय आहे." त्याने सायकल सरळ उभी केली, हँडल ओढून सरळ केलं, आणि बायकोकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा बसता का हिच्यावर? रॉड वाकलाय का बघायचंय."

सीट वर करून ती बसली. हात सहज हँडलवर, बोटं सहज ब्रेकवर, पाय सहज जमिनीवर. जणू कारखान्यात तिचंच माप घेऊन फ्रेम जोडली होती. दुकानातले लोक नकळत "वा!" म्हणाले. तीही हसली. मी तिला इतक्या ऐटीत कधी पाहिलं नव्हतं.

"ही मॅडमना ठेवा," तो माणूस म्हणाला. "तुम्हाला आपण लहान फ्रेम मागवू. सर्वांत लहान. तिचं हँडलही जवळ असतं, दांडीही उतरती असते. फक्त आता उंची अगदी खरी सांगा."

मी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. मी छाती भरून श्वास घेतला, आणि जन्मात पहिल्यांदा, चारचौघांत, ताठ मानेने म्हणालो, "पाच-दोन."

बायकोचे डोळे भरून आले. एका गिऱ्हाइकाने तर टाळी वाजवायला हात वर केले.

त्या माणसाने मला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली आणि वाकून आकडा वाचला.

"पाच-एक, सर," तो म्हणाला. "तेसुद्धा केस धरून."