एका कॅसेटचा उमेदवारी अर्ज

वर्षातून एक दिवस आमचे यशवंततात्या किरकोळ रजा टाकत आणि अर्जात कारण लिहीत, 'नामांकने जाहीर.' पहिल्या वर्षी साहेबांनी दचकून विचारलं, "आता कसली निवडणूक लागली?" तात्या म्हणाले, "कॅसेटची, साहेब." साहेबांनी मुकाट्याने सही केली.

तात्या मुरबाडच्या तहसील कचेरीत शिपाई. वीस वर्षं त्यांनी निवडणुकीचे गठ्ठे उचलले होते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही स्पर्धेकडे ते उमेदवार, चिन्ह, माघार अशाच नजरेने बघत. आमचं गाव माळशेजच्या रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या थोडं अलीकडे. मी तिथल्या शाळेत मास्तर, आणि तात्यांचं घर माझ्या भिंतीला भिंत लावून. म्हणजे त्यांचा टेपरेकॉर्डर मी फुकटात ऐकत असे, मला हवा असो वा नसो!

त्या काळी मुंबईची एक संस्था मराठी गाण्यांच्या उत्तम कॅसेटला दर वर्षी बक्षीस देई. त्याआधी पाच कॅसेटांची नावं पेपरात येत. त्या दिवशी तात्या पहिल्या एसटीच्या आधीच थांब्यावर हजर. पेपर आला की किसनच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर उभं राहून ते यादी वाचत आणि एकेकाची सालटी काढत.

"हा बघा! तीन वर्षं त्याच चाली. तोच उमेदवार, नुसतं चिन्ह बदललंय!"

"ह्याची ढोलकी मशीनची हाय. मशीनला मतदानाचा हक्क कुणी दिला रे?"

एकदा यादीत भक्तिगीतांची कॅसेट आली. किसन ती रोज सकाळी लावायचा. तात्या खवळले. "देवालाच उभा केलाय! मग समोरच्यानं माघारच घ्यायची ना? ही काय निवडणूक झाली?" किसनने पुढचे दोन दिवस तात्यांच्या चहात साखर घातली नाही, पण तात्यांनी मत बदललं नाही.

पाचही कॅसेटा ते कुठून कुठून मिळवून ऐकत, आणि सुरुवात नेहमी बी बाजूने करत. "ए बाजूला समदे लग्नाला निघाल्यासारखे नटून येतात, गुरुजी. माणूस घरात कसा हाय ते बी बाजूला कळतं." मी ही गोष्ट करून पाहिली आहे. खोटी नाही.

पण त्यांचा खरा राग कव्हरवर होता. कॅसेट हातात आली की चष्मा कपाळावर सरकवून ते सगळ्यात खालची ओळ वाचत. तिथे मोठ्या गायकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत असायचं, 'आणि साथी'. झालं! तात्यांचा पारा चढायचा. "साथी म्हंजे कोण? त्यांना आईबापांनी नावं ठेवली नायत? मतदारयादीत असं चालंल काय, 'रामा पांडू आणि साथी'? घराघरात एकच मत पडंल!"

मला वाटायचं, माणसाला काहीतरी खूळ लागतं तसं हे एक.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्या वर्षी यादीखाली एक चौकट आली: मागे राहून गेलेली एखादी जुनी कॅसेट श्रोत्यांना सुचवायची असेल, तर साध्या कागदावर लिहून पाठवावं, पुढच्या वर्षीच्या नामांकनासाठी विचार होईल. साध्या कागदावर! तात्यांनी ते दोन शब्द वाचलेच नाहीत. संध्याकाळी ते माझ्याकडे आले ते फुलस्केप कागद, पट्टी आणि शाईचा पॅड घेऊन. "गुरुजी, तुमचं अक्षर झ्याक. नामनिर्देशन पत्र आखा. उमेदवाराचं नाव मी भरीन. सूचक मी, अनुमोदक तुमी, आणि खाली दहा सह्या. पक्कं काम पायजे, अर्ज बाद व्हता कामा नाय."

"अहो तात्या, हे गाण्याचं आहे."

"मग काय झालं? नियम तो नियम."

दुसऱ्या दिवशी तात्या सह्या गोळा करायला निघाले आणि गावात बोंब उठली की यशवंततात्या ग्रामपंचायतीला उभे राहतायत. दिवस मावळायच्या आत सरपंच मोटारसायकलवरून तात्यांच्या अंगणात. मी शाळा सुटून नुकताच ओट्यावर टेकलो होतो.

"तात्या, सरकारी माणसाला उभं राहता येत नाय!"

"मी कुठं उभा हाय? कौसल्या उभी हाय."

सरपंचांचा चेहरा उतरला. पुढची जागा महिला राखीव होती, आणि त्यांनी आपल्या बायकोचं पॅनल आधीच ठरवून ठेवलं होतं.

एवढ्यात कौसल्याकाकी तांदळाच्या पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. चार वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून आवाज असा उरलाच नव्हता, नुसती कुजबुज. नवा माणूस समजायचा, बाई काहीतरी गुपित सांगतेय. "अवो," त्या कुजबुजल्या, "मी कुठं उभी राहिले?"

तात्या आत गेले, टेपरेकॉर्डर घेऊन आले आणि कडा झिजलेली एक कॅसेट लावली. एक पुरुष गात होता, मागे बायकांचा कोरस. मग कोरसमधून एक आवाज सुटला आणि सगळ्यांच्या वर गेला, सरळ, न थरथरता. मुख्य गायक त्याच्यापुढे बिचारा वाटायला लागला.

"हीच," तात्या म्हणाले. "लग्न नवं व्हतं. आमची गायन पार्टी जयंतीला गावोगाव जायची. कल्याणला एका दिवसात ही कॅसेट काढली. कव्हरवर काय छापलं? 'आणि साथी'. आता हिचा आवाज ह्या कॅसेटीत हाय, गुरुजी. बाकी कुठंच नाय."

मला माझीच लाज वाटली. सरपंच ओट्यावर बसले आणि म्हणाले, "परत लावा." दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी कागद ओढला आणि आपली सही ठोकली.

काकींनी मात्र हात पुसून तो कागद नीट वाचला. गायिका म्हणून एकच नाव होतं. त्यांनी मान हलवली. "मी एकली नाय गायले. वत्सला व्हती, शांता व्हती. इंदू व्हती, ती आता उंबरमाळीला दिलेली."

"म्हंजे मी पण तेच केलं!" तात्यांनी कपाळावर हात मारला. "मी पण साथी केलं त्यांना!"

मी नवा कागद आखला. कान काकींच्या तोंडाजवळ नेऊन चारही नावं लिहून घेतली, वडिलांच्या नावांसकट. सह्या नव्याने होऊन अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला. "आता छाननी," तात्या रोज सांगत. अर्ज तपासून वैध का अवैध ते ठरवतात, ती छाननी. त्या वर्षभर गावाने कुणाच्या लग्नाची वाट बघितली नसेल एवढी पेपरची बघितली.

यादी आली. तात्यांनी रजा टाकली होतीच. बाकड्यावर चढून त्यांनी पाच नावं वाचली. मग परत वाचली. आमची कॅसेट नव्हती. मला वाटलं, आता संस्थेची खैर नाही. पण तात्यांनी पेपरची घडी घातली. खाली उतरले, मला बाजूला घेतलं. "कौसल्येला बोलू नका, गुरुजी. तिला सांगतो, जुन्या कॅसेटांची छाननी अजून चालू हाय."

संध्याकाळी काकी गरम भाकरी द्यायला भिंतीपाशी आल्या. मला वाकून कान पुढे करावा लागला.

"पेपर मी सकाळीच बघितला, किसनकडं," त्या म्हणाल्या. "ह्यांना सांगू नका. छाननी चालू हाय सांगताना लय खुशीत व्हते. चालू राहू दे."