केसोबांचं 'बरं आहे'

एका जंगलात, मुलांनो, केसोबा नावाचं म्हातारं अस्वल राहत होतं. सगळं जंगल त्यांना ओळखायचं. ते मात्र आताशा कोणालाच ओळखत नसत. मधाचं पोळं, स्वतःची गुहा, पोटची लेक, सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं. शिल्लक होती फक्त रीतभात.

एका दुपारी लेकीचा, मंजुळेचा, जरा डोळा लागला आणि केसोबा कोरड्या विहिरीत पडले. माकडांनी वरून विचारलं, "काय केसोबा, कसं काय?"

"बरं आहे," आतून उत्तर आलं. "घरची मंडळी ठीक ना?"

माकडं निर्धास्त होऊन निघून गेली. मंजुळेनं शोधून काढलं तेव्हा कुठे पाय मोडल्याचं कळलं.

वडाखालच्या दवाखान्यात डॉक्टर बगळ्यांनी पाय बांधला. पुढे सिंहाच्या मेहुण्याला शिंक आली आणि त्याला केसोबांची खाट हवी झाली.

"केसोबांना घरी न्या," बगळे म्हणाले.

"पाय अजून जुळला नाही, डॉक्टर. घरी मी एकटी. पाय मोडलाय हेच त्यांच्या लक्षात राहत नाही. उठून चालायला लागले तर मी कशी धरू?"

"डोकं तपासू की. केसोबा, आज वार कोणता?"

"तुम्ही म्हणाल तो."

"आपला राजा कोण?"

"आमचे राजे तुम्हीच."

बगळ्यांची मान वीतभर वाढली. "आणि वाटतंय कसं?"

"बरं आहे."

"ऐकलंत? पेशंट स्वतः सांगतोय."

"अहो, विहिरीतूनही ते हेच म्हणाले होते."

"म्हणजे तेव्हापासूनच बरे आहेत."

मंजुळेला झोप नाही, कंबर धरलेली. हे मला एकटीला झेपणार नाही, असं तिला ओरडून सांगायचं होतं. तेवढ्यात बगळ्यांनी सहज विचारलं, "तुमचं कसं काय?"

काय करणार बिचारी? केसोबांचीच लेक. तोंडातून निघून गेलं, "बरं आहे."

"झालं तर मग."

केसोबांनी सगळ्यांना हात जोडले. "येतो हं." मग मंजुळेकडे वळून म्हणाले, "तुमचे फार उपकार झाले, बाई. तुमचे आईवडील भाग्यवान."

मंजुळा रडली. रडतच तिनं त्यांना पाठीवर घेतलं.

आठवडा गेला नाही तोच केसोबा पुन्हा त्याच विहिरीत पडले. धरायला धावलेली मंजुळाही पडली. काठावर जंगल जमलं. डॉक्टर बगळेही आले.

"काय, कसं काय?"

"बरं नाही," मंजुळा या वेळी खरं बोलली. पण त्याच क्षणी केसोबांनी खणखणीत आवाजात "बरं आहे" म्हटलं. वरच्यांना दोनदा 'बरं' ऐकू आलं. तेवढं पुरलं.

"आता सोबतही मिळाली," बगळे म्हणाले, आणि सगळे समाधानानं घरी गेले.

तात्पर्य: मुलांनो, कोणी 'कसं काय' विचारलं तर 'बरं आहे' म्हणावं. विचारणाऱ्याचा वेळ वाचतो, खाट रिकामी होते, आणि विहिरीत जागा काही कमी नाही.