उजवीकडचा रकाना

शनिवारी सकाळी अल्बर्टनी नातीच्या होमवर्कमध्ये नाक खुपसलं आणि दुपारपर्यंत शारजातल्या त्या फ्लॅटमध्ये बेसबॉलने थैमान घातलं.

होमवर्क साधं होतं. बेसबॉलची आकडेवारी बघण्यासाठी कोणताही एक संदर्भ निवडायचा आणि तोच का निवडला, ते लिहायचं. सोफियाची शाळा अमेरिकन पद्धतीची असल्यामुळे तिथे बेसबॉलला पर्याय नव्हता.

"नेटवर खूप साइट्स आहेत, ग्रँडपा. आय विल जस्ट पिक वन."

"पिक वन? अगं, आपण भेंडीसुद्धा मोडून बघून घेतो."

अल्बर्टचं आयुष्य दुबईच्या एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये गेलं होतं. खोकं उघडून पाहिल्याशिवाय चलनावर सही करायची नाही, हा तिथला नियम त्यांनी घरीही आणला होता. त्यांची मुलगी कॅमिला वसईत शाळेत जात होती तेव्हा ते दुबईत होते, आणि ती नोकरीला इकडे आली तेव्हा ते निवृत्त होऊन वसईला परतत होते. बायको डॉली गेल्यावर कॅमिलाने त्यांना शारजाला आणलं. आता दोघं एका छताखाली होते, पण बोलायची सवय राहिली नव्हती. जेवलात का, गोळी घेतली का, एसी कमी करू का, इतकंच चाले.

सोफियाने फोनवर एक साइट उघडून दिली. कुणा जुन्या फलंदाजाचा तक्ता होता. अल्बर्टनी चष्मा लावून सरासरी वाचली आणि समोरच्या फ्लॅटमधल्या मुरलीधरला हाक मारली. मुरलीधर साताऱ्याचा. नोकरी विमा कंपनीत होती, पण जीव क्रिकेटच्या आकड्यांत.

"पॉइंट टू एट झिरो?" मुरलीधर फोनकडे बघतच राहिला. "म्हणजे शून्य दशांश अठ्ठावीस? काका, एवढ्या सरासरीवर आमच्या ऑफिसच्या टीममध्ये पाणी द्यायलाही घेत नाहीत. ही साइट बोगस आहे."

दुसरी साइट उघडली. तिथेही तोच आकडा.

"बघा! एकाने चूक केली, दुसऱ्याने कॉपी मारली," मुरलीधर म्हणाला. तिसरी आणि चौथी साइटही तेच सांगू लागली, तेव्हा त्याचा आवाज खाली आला. "काका, हे मोठं रॅकेट दिसतंय."

"ग्रँडपा, इट्स नॉट लाइक क्रिकेट..." सोफिया सांगू लागली.

"थांब गं, मोठी माणसं बोलतायत. मुरली, छापील पुस्तक पाहिजे. कागदावर खोटं छापायला माणूस घाबरतो."

मग दोघं मुरलीधरच्या गाडीतून औद्योगिक क्षेत्रात नोमानच्या गोदामावर गेले. देश सोडून जाणाऱ्यांचं सामान नोमान उचलत असे. सोफे, पाळणे आणि फ्रिज यांच्या डोंगरात बेसबॉलचं एक जाडजूड पुस्तक खरोखरच सापडलं. गोदामाच्या दाराला ते अडसर म्हणून लावलेलं होतं.

"हबीबी, ये किताब नहीं, ईंट है," नोमान म्हणाला. "ले जाओ. लेकिन दरवाजे के लिए दूसरा कुछ देके जाओ."

मुरलीधरने गाडीतला जॅक दिला.

घरी येऊन दोघांनी धूळ पुसली आणि पान शोधलं. तिथेही पॉइंट टू एट झिरो. दोघेही खाली बसले.

"नाउ कॅन आय टॉक?" सोफियाने विचारलं. "दहा वेळा खेळायला आला तर जवळजवळ तीन वेळा नीट हिट जमतो. दॅट्स द अ‍ॅव्हरेज. अँड इट्स गुड."

"आणि बाकीचे सात वेळा?"

"आउट."

"तरी गुड?" अल्बर्टनी मुरलीधरकडे पाहिलं. "मला हा खेळ आधी कुणी का नाही दाखवला?"

मुरलीधर हसला, पण अल्बर्टचं बोट तक्त्यावरून पुढे सरकलं होतं. उजवीकडे एका रकान्यापाशी ते थांबलं. "हे काय?"

"सॅक्रिफाइस हिट. तो मुद्दाम बॉल हळूच टॅप करतो. स्वतः आउट होतो, पण आधीच मैदानात असलेला त्याच्या टीमचा रनर पुढे जातो."

"मुद्दाम आउट? आणि सरासरी कमी होते त्याची?"

"नो. ते धरतच नाहीत. वेगळं लिहितात. अँड एव्हरीबडी क्लॅप्स."

"टाळ्या वाजवतात?" अल्बर्ट बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "फोनवरच्या तक्त्यात हा नव्हता. पुस्तकच लिही. ज्यात हा रकाना आहे, ते खरं."

तेवढ्यात कॅमिला ऑफिसमधून आली. टेबलावर धूळ, फरशीवर धूळ, आणि तिचे वडील विटेएवढ्या पुस्तकावर वाकलेले.

"कॅमिला, इकडे ये. हे बघ, उजवीकडे..."

"डॅडी, प्लीज. कोण बघतं तो रकाना? एखादी साइट लिहून टाका, खलास."

"हं," अल्बर्ट म्हणाले, आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

रात्री त्यांनी सुरमईचं कालवण दोनदा मागून घेतलं. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिसाला जायला कॅमिला त्यांना उठवायला गेली, तेव्हा ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, काही कळलं नसेल.

त्यांना वसईला डॉलीशेजारी ठेवून कॅमिला परतली. घरात पुस्तक होतंच. वाऱ्याने बाल्कनीचं दार आपटे, म्हणून कुणीतरी ते दाराला लावलं होतं. गोदामातली नोकरी ते इथेही करू लागलं.

शाळेने सोफियाला मुदत वाढवून दिली होती. तिने पुस्तकच लिहिलं, आणि मुद्दाम आउट होण्याच्या रकान्याचं ते कारण कॅमिलाला वाचून दाखवलं. पण टीचरने ते परत पाठवलं. कारण छान आहे, पण पुस्तक फार जुनं आहे, नव्या खेळाडूंसाठी ताजा संदर्भ द्यावा.

शुक्रवारी दुपारी मुरलीधर डबा घेऊन आला. तो रोजच काहीतरी आणत असे आणि थोडा वेळ बसे. सोफिया फोनवर साइट्स चाळत होती.

"ममा, ग्रँडपाचा कॉलम कुठेच नाहीये."

"दे इकडे," कॅमिला म्हणाली. तिने पहिलीच साइट उघडली, त्या शनिवारची. तोच तक्ता, तीच सरासरी, आणि तिथे स्क्रीनची कड. डोळे चुरचुरले म्हणून तिने एका हाताने चष्मा काढला, तेव्हा दुसऱ्या हाताचा अंगठा काचेवर आडवा फिरला. तक्ता सरकला. कडेपलीकडून आणखी रकाने आले. त्यांत तोही होता.

मुरलीधर वाकून बघत होता. "म्हणजे पहिल्यापासून इथेच होता? आणि आम्ही दोघं त्या नोमानच्या धुळीत... माझा जॅक गेला, ताई!" तो हसायला लागला आणि मधेच थांबला. "काकांनी नुसतं बोट फिरवलं असतं तर..."

"त्यांनी कशाला," कॅमिला म्हणाली. "मी फिरवायला हवं होतं."

"सो, ही साइट लिहू?" सोफियाने विचारलं.

"लिही. आणि खाली लिही, की तक्ता उजवीकडे सरकवून बघावा. लगेच दिसत नाही."

सोफिया लिहू लागली. कॅमिला उठून बाल्कनीच्या दाराशी गेली. पुस्तकावर वाळूचा थर बसला होता. तिने ते उचललं, ओढणीने पुसलं, आणि मोकळं झालेलं दार वाऱ्याने धाडकन आपटलं.

"डॅडी," ती म्हणाली. आवाज मोठा निघाला, तिला वाटलं होतं त्याहून मोठा. सोफियाने मान वर केली, मुरलीधरने खाली घातली. "तुम्ही इकडे आउट होत राहिलात, म्हणून आम्ही तिकडे पुढे सरकलो. मला दिसत होतं, डॅडी. मी शाळेत होते तेव्हापासून दिसत होतं."