पंतांची आवराआवर आणि नवी कोठी

श्रीविद्युल्लता प्रसन्न. जिचे कृपेनें संगणक जागे होतात तीस वंदून हकीकत ऐसी कीं, शके एकोणीसशें एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरीं, एका राज्यांत वर्तमान घडलें. राज्याचें दफ्तर पूर्वीं हार्ड डिस्कवर असे, आणि ती चकती गरगर फिरे, आणि एका कागदाचे तुकडे दहा जागीं पडत, मग वाचणारी सुई धावून थके आणि दरबार जांभया देई. म्हणोन दफ्तरदार त्रिंबकपंत दर सोमवारीं बेल वाहून डीफ्रॅगास बसत आणि विखुरले तुकडे एके ठायीं लावीत, मग राज्य पुन्हां चपळ होई. लोक म्हणत, "पंत आहेत म्हणोन चालतें." त्या एका बोलावर पंतांनीं उमर काढली.

मग राणीसाहेबांनीं दफ्तरास नवी कोठी, एसएसडी, आणविली. तीस चकती नाहीं, सुई नाहीं. नुसत्या कोठड्या, आणि कोणतीही हाकेसरशी ओ देई, मग तुकडे कोठें का असेनात. परंतु जित्याची खोड ती! पंत सोंवळें नेसून बसले ते बसलेच, आणि वस्तु नवी, नाजूक, म्हणोन मायेनें रोजच आवरूं लागले. आतां एसएसडीचा धर्म ऐसा कीं दर लिहिण्यास कोठडी थोडी झिजते, आणि आवरणें म्हणजे तुकडे उचलून पुन्हां लिहिणेंच. वर्षाचे आंत तिचें निम्मेशिम्मे आयुष्य सरलें.

तेव्हां कोठीचे कारभारी येसाजीराव यांनीं पंतांस एकीकडे नेऊन सांगितलें, "पंत, राग मानूं नये. घासतां घासतां भांड्याची कल्हई गेली." पंतांस चुकीचें दुःख होतेंच, परंतु आतां आपलें राज्यास काय काम, हें त्याहून बोचलें. मग त्यांनीं आपण होऊन दरबारीं जाऊन पगडी उतरून ठेविली आणि म्हणाले, "आईसाहेब, मायेपोटीं नास केला. रजा द्यावी."

राणीसाहेब गादीवरून उतरल्या आणि पगडी स्वहस्तें पंतांचे मस्तकीं ठेवून बोलिल्या, "पंतकाका, ती जुनी चकती आपण जगविली नसती तर या कोठींत भरावयास कागद तरी उरते काय? राज्य आपलें ऋणी आहे. कोणत्या कोठड्या रिकाम्या जाहल्या त्याची वर्दी एसएसडीस आपोआप जाते, त्यास ट्रिम म्हणतात. ती जाते ना, इतकें पाहावें. दफ्तराची एक नक्कल निराळी राखावी. आणि उरल्या वेळीं घरीं जावें."

पुढले सोमवारीं पंतांनीं एसएसडीपुढें हात जोडिले आणि म्हणाले, "माझें फार सोसलेंस, बाई." मग भर दुपारीं घरीं गेले. कुटुंब त्यांस दारांत पाहून घाबरलें, "बरें नाहीं का?" पंत म्हणाले, "बरें आहे. तुझेंही पान मांड, बरोबर जेवूं." लग्नास चाळीस वर्षें होत आलीं होतीं, ऐसें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें.

सारांश, फिरत्या चकतीस आवरावें, एसएसडीस आवरूं नये, आणि ज्यांनीं आजवर आवरलें त्यांचे उपकार स्मरावे. हकीकत समाप्त.