डोंगऱ्याच्या छातीतली डबी

रायपूरच्या आमच्या बूढापाऱ्यात डोंगऱ्याच्या घरी पाहुणा आला की त्याचा मोबाईल आधी तांदळाच्या पिपात जाते, मग त्याले पाणी मिळते. माझ्या सुनेच्या पर्सले चुंबकाचं बटन होतं, तर त्यानं ती काठीनं उचलून अंगणात टाकली. छातीत पेसमेकर बसवला तेव्हापासून हेच चालू आहे. जन्मभर कारखान्यात भंगार उचलणारी चुंबकाची क्रेन चालवली या माणसानं. कोणी हसलं की म्हणते, "चुंबक तुम्ही पाह्यलाच कुठं, भाऊ."

आता त्याचे पाय सुन्न होऊन राहिले. चप्पल पायातून कधी निसटली हेही त्याले समजत नाही. पाठीचा एमआरआय झाल्याशिवाय ऑपरेशन नाही, अन् ते मशीन म्हणजे मोठा चुंबकच. रायपूर राजधानी झालं, चौकाचौकात काचेचे दवाखाने झाले, अन् तिथली पोट्टी पेसमेकर ऐकताच मान वर न करता म्हणते, "नहीं होगा, बाबा." काहून नाही होणार? कोणाले विचारलं? मी चौथी शिकलेला, पण डॉक्टरले विचारल्याशिवाय नाही म्हणू नये, एवढं तर मलेही समजते. मी काउंटरवर हात आपटला, तर चौकीदार बोलावला.

मीच डोंगऱ्याले तेलीबांध्याच्या दवाखान्यात ओढत नेलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरनं नीट तपासलं. म्हणाला, आतल्या वायर चालतील, पण पेसमेकरची डबी जुनी आहे, बॅटरीही संपत आली. नवीन डबी बसवू, ती एमआरआयमध्ये चालते. त्यावेळी तिची सेटिंग बदलतात, धडधडीवर नजर ठेवतात, मग पहिल्यासारखी करून देतात. अन् नवीन डबी इतकी चपटी, की वरून हाताले लागणारही नाही.

हे ऐकलं अन् डोंगरे उठून लंगडत ऑटोत जाऊन बसला. नाही म्हणजे नाही. रस्ताभर मी त्याले भेकड म्हटलं, बैल म्हटलं. तो तोंड फिरवून बसला.

घरी त्याची बायको दारात खुर्चीवर होती. तिची आठवण गेली आहे, कोणालेच ओळखत नाही.

"कोण भैया तुम्ही?" तिनं नवऱ्यालेच विचारलं.

डोंगरे वाकला. तिनं त्याच्या सदऱ्यात हात घातला, खांद्याखालचं डबीचं टेंगूळ चाचपलं, अन् तिचा चेहरा उजळला. "आले का तुम्ही? जेवता ना?"

"एवढंच उरलं आहे तिच्यापाशी," तो माझ्याकडे न पाहता बोलला.

माझ्या तोंडात अजून शिव्या होत्या. त्या गिळून मी तोच ऑटो मागे वळवला. डॉक्टरले म्हटलं, साहेब, डबी जाडीच पाहिजे.

तो हसला. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो, अन् त्याचं हसणं जाईपर्यंत सांगत राहिलो.