दौलतदादांच्या कंबरेची रजा

दौलतदादा रोज सकाळी स्वतःच्या अंगाची हजेरी घेत. अंगणात उघडे उभे राहून कापसाच्या जिनातल्या मुकादमाच्या आवाजात पुकारत, "उजवा गुडघा?" उत्तरही तेच देत. "हाजर, पण कुरकुरून राह्यला." "डावा खांदा?" "आला." मग आवाज एकदम मऊ होई. "कंबरबाई, येता का आज?" असा मान बोरी अरबमध्ये त्यांनी पाटलालाही कधी दिला नाही.

वय पन्नाशीचं. दिवसभर जिनात हमाली, आणि उरलेल्या ताकदीत गोटा उचलणं. गावच्या पारावर एक दगडी गोटा होता, जवान पोरं ताकद दाखवायला तो खांद्यावर घेत, पण आमच्या वस्तीला त्याला हात लावायची बंदी. म्हणून तरुणपणी दादांनी अडाण नदीतून त्याहून मोठा गोटा लोटत लोटत वस्तीत आणला. आम्ही बौद्ध झालो, त्यानंतर आठवड्याभरात एका म्हातारीनं जुन्या सवयीनं त्याला शेंदूर फासला. मी अर्धा तास भाषण केलं. दादांनी तेवढ्या वेळात गोटा राखेनं घासून काढला. "झालं बाबू. आता हा बी आपल्यातला."

त्यांचा नियम एकच : एक दिवस गोटा, दोन दिवस शेक. शेकाला गोणपाटात गुंडाळलेली गरम वीट आणि निरगुडीचा पाला. दुखण्याचं शास्त्रही स्वतःचं. "दुखणं दोन जातीचं असते. एक बोलते, एक चावते. बोलणाऱ्याले बोलू द्यावं, आपण गोटा उचलावा. चावणाऱ्यापुढं गुपचूप घरी बसावं."

"दादा, जात हा शब्द नको," मी म्हणालो.

"बरं बाप्पा. दुखणं दोन पक्षाचं."

त्या वर्षी जयंतीला मी पत्रक काढलं. 'ज्यांना गोट्याला शिवू दिलं नाही, ते आज गोटा खांद्यावर घेतील!' दारव्ह्याहून छापून आणलं आणि पाराच्या भिंतीवर मुद्दाम स्वतः चिकटवलं. पत्रकात खोटं एक अक्षर नसावं, हा माझा बाणा. जो खोटं बोलतो तो चळवळीचा घात करतो, हे मी दादांना इतक्यांदा ऐकवलं होतं की ते माझ्याआधी म्हणून टाकत.

जयंतीच्या सकाळी वस्तीतल्या गोट्याभोवती सगळं गाव जमलं, पारावरचे लोकही. दादा पुढे आले. हाताला राख चोळली. हजेरी घेतली. गुडघा हाजर, खांदा हाजर. कंबरेपाशी मात्र बराच वेळ थांबले.

"कंबरबाई सकाळच्यानं रजेवर हाय," म्हणाले आणि सरळ घरी निघून गेले.

पारावरचा एक जण मला म्हणाला, "काहून गा, तुमचा पहेलवान कागदावरच उचलते का?"

लोक पोट धरून हसले. मी तडक दादांच्या घरी गेलो. भित्रेपणावर चार वाक्यं वाटेतच तयार केली होती.

दादा बाजेपुढे उकिडवे बसले होते. बाजेवर त्यांची माय, कडक पांढरं लुगडं नेसून. दोन पावसाळ्यांपूर्वी पडल्यापासून तिचे पाय गेले होते. गेल्या जयंतीला तिनं आतून नुसता ढोल ऐकला होता. दादांनी पुन्हा हाताला राख चोळली, श्वास भरला. "चाला कंबरबाई," म्हणाले आणि तिला अलगद पाठीवर घेतलं.

"मिरवणूक नदीपर्यंत जाते आन् वापस येते," ते मला हळूच म्हणाले. "कंबर आज चावून राह्यली. दोन्ही कामं होणार नाईत. गोटा मधातच खाली टाकता येते बाबू. हिले नाई."

"मग कालच सांगायचं होतं."

"सांगतलं असतं त माय म्हणली असती, मले राहू दे, तू गोटा उचल."

म्हातारीला कमी ऐकू येई. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "उचलला का रे गोटा?"

"उचलला ना माय."

तिचा विश्वास बसेना. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. शिकलेला पोरगा, पत्रकवाला, हा काही खोटं बोलणार नाही. दादा जमिनीकडे बघत होते.

"हो आजी," मी मोठ्यानं म्हणालो, "दोनदा."